कुमारवयाचे चित्रपट : हे स्मरणरंजन कोणाचे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने चित्रपटांवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु जमाखर्च शिकताना आम्हांला पहिलाच धडा असा मिळतो, की पेढीत आलेली वस्तू कोठून आली आणि तिच्यापोटी कोणाचे देणे लागते, या दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या पाहिजेत. आठवणींनाही हा नियम लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण माझ्या वयाची मुले-मुली चार ठिकाणी जमली की अर्ध्या तासात 'आपल्या वेळच्या' चित्रपटांवर येतात. शाळा संपून जेमतेम तीन-चार वर्षे झालेली, मिसरूड नुकतेच फुटलेले, आणि सुस्कारा मात्र पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाचा! विसाव्या वर्षी माणसाला 'आपली वेळ' आली कोठून, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

गेलेल्या काळाच्या आठवणीत रमण्याला मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतात. शब्द गोड आहे. त्यात रंजनच अधिक आहे. इंग्रजीतील 'नॉस्टॅल्जिया' मात्र मुळात रोगाचे नाव होते. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकाने बाझल येथे लिहिलेल्या प्रबंधात तो शब्द घडवला. 'नॉस्टॉस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गॉस' म्हणजे वेदना, असे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर राहावे लागलेली माणसे खंगत जातात, अन्न टाकतात, हे त्याने पाहिले होते. पुढे परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा आजार म्हणून तो प्रसिद्ध झाला. म्हणजे मुळात ही वेदना काळाची नव्हती, गावाची होती. ती पोटासाठी गाव सोडलेल्याची होती. हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे, कारण मी वाढले ते भेस्तान हे अशाच माणसांचे गाव आहे.

भेस्तान म्हणजे मुंबईहून सुरतेला जाताना सचिन आणि उधना यांच्यामधले स्टेशन. जलद गाड्या ते लक्षात न घेताच पुढे जातात. एका बाजूला पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूला सचिनची औद्योगिक वसाहत, आणि मध्ये यंत्रमागांची खाती व खोल्यांच्या रांगा. आमच्या गल्लीत नंदुरबार, धुळे, जळगावकडील मंडळी अहिराणी बोलत; ओरिसाचे लोक आपली भाषा बोलत; उत्तरेकडील लोकांची हिंदी सगळ्यांना पुरे. आमचे घर त्यात निराळे. वडील सोलापूरच्या मागावरून सुरतेच्या मागावर आलेले, आई अक्कलकोट तालुक्यातील, त्यामुळे चुलीपाशी कन्नड आणि उंबऱ्याबाहेर मराठी. शाळा मराठी माध्यमाची. आमची मराठी पाठ्यपुस्तके गांधीनगरहून छापून येत. मराठीतून आम्ही गुजरातचा भूगोल शिकलो, आणि महाराष्ट्र शिकलो तो चित्रपटांतून.

आता त्या चित्रपटांकडे वळू. मिलिंद बोकील यांच्या २००४ सालच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला 'शाळा' जानेवारी २०१२ मध्ये आला. रवी जाधव यांचा 'बालक-पालक' जानेवारी २०१३ मध्ये, संजय जाधव यांचा 'दुनियादारी' जुलै २०१३ मध्ये, पुन्हा रवी जाधव यांचाच 'टाइमपास' जानेवारी २०१४ मध्ये. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला. दोन-सव्वादोन वर्षांत मराठीत कुमारवयावर एवढे चित्रपट यावेत, ही किरकोळ गोष्ट नव्हे. मी तेव्हा सात ते नऊ वर्षांची होते. हे सारे मी मागाहून, टीव्हीवर किंवा मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत 'भरून' आणलेल्या मेमरी कार्डावर पाहिले, आणि 'शाळा' तर २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा खरी शाळा बंद होती.

या यादीकडे नीट पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. 'शाळा' घडते आणीबाणीत, १९७५-७६ च्या सुमारास. 'दुनियादारी' सत्तरच्या दशकातील कॉलेजचा कट्टा दाखवते. 'बालक-पालक' ऐंशीच्या दशकातील चाळ आणि भाड्याने आणलेला व्हीसीआर दाखवतो. 'टाइमपास'मधला दगडू दहावीला नापास होतो तो नव्वदच्या दशकात. पाचांपैकी चार चित्रपट कुमारांचे म्हणून गाजले. परंतु त्यांतील एकही त्या वेळच्या कुमारांचा नव्हता! ते त्यांच्या आईबापांचे, मामा-काकांचे कुमारवय होते. आम्ही ते पाहिले, पाठ केले, शाळेच्या बाकांवर त्यातली नावे कोरली, आणि आता 'आपल्या वेळचे' म्हणून सुस्कारे टाकतो ते वास्तविक दुसऱ्याच्या सुस्काऱ्याचे पडसाद आहेत.

असे का झाले असावे? मला दोन कारणे दिसतात. पहिले बाजारपेठेचे. तिकिटाचा दर वाढला, आणि मराठी चित्रपटाचे तिकीट काढणारा माणूस बहुतेक तिशी-चाळिशीचा, पगारदार. त्याला त्याचेच बालपण विकणे हा सुरक्षित व्यवहार. मुले त्याच्याबरोबर येणारच होती. दुसरे कारण कथा रचणाऱ्याच्या सोयीचे आहे, आणि ते मला अधिक पटते. कुमारवयीन प्रेमाच्या गोष्टीत अडथळा लागतो. चिठ्ठी चुकीच्या हाती पडावी, गच्चीवर ती दिसेपर्यंत तासभर उभे राहावे, सुट्टीत ती गावी गेली की महिनाभर काही कळू नये, यावर गोष्ट चालते. खिशात मोबाइल आला की हा सगळा मजकूर दोन मिनिटांत संपतो. म्हणून लेखक-दिग्दर्शक फोनपूर्व काळात आश्रय घेतात.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असे मात्र नाही. अमेरिकेत १९७३ साली जॉर्ज लुकास यांनी 'अमेरिकन ग्राफिटी' काढला तो १९६२ मधल्या एका रात्रीविषयी. अकराच वर्षांपूर्वीचा काळ, पण त्याच्याकडे पाहण्याची नजर जणू शतकभर मागची. गंमत अशी, की त्याच १९७३ साली आपल्याकडे राज कपूर यांचा 'बॉबी' आला. आणि तो खास त्या दिवसांचा होता. कपडे, मोटारसायकल, श्रीमंत बाप, कोळ्याची पोर, सगळे चालू वर्तमानकाळातले. 'बॉबी' पाहणारी पोरे आज सत्तरीकडे झुकली आहेत; त्यांचे स्मरणरंजन निदान त्यांच्या मालकीचे आहे. आमच्या सुरतेत गुजराती माध्यमाच्या मुलांनाही तो लाभ झाला. कृष्णदेव याज्ञिक यांचा 'छेल्लो दिवस' २०१५ च्या नोव्हेंबरात आला. कॉलेजातल्या मित्रांची ती साधी, काहीशी वाह्यात गोष्ट त्यांच्या आजची होती. वरच्या मजल्यावरील गुजराती पोरे त्यातले संवाद जिन्यावरून एकमेकांना ओरडत, खालून आमची पोरे 'टाइमपास'मधल्या संवादांनी उत्तर देत. त्यांचे कॉलेज बसने अर्ध्या तासावर होते. आमची दगडूची मुंबई आमच्यापैकी कित्येकांनी पाहिलीही नव्हती.

मुलींच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक रक्कम नावे टाकावी लागते. 'शाळा' मधला जोशी सांगतो म्हणून शिरोडकर आपल्याला दिसते. 'टाइमपास' दगडूच्या बाजूने चालतो. प्राजक्ता त्याच्या स्वप्नाचा विषय. दोन्ही भूमिका केतकी माटेगावकर यांनीच केल्या, आणि उत्तम केल्या. पण त्या दोन मुली रात्री अंथरुणावर पडल्यावर काय विचार करत, याचा पत्ता लागत नाही. 'फँड्री'तील शालू तर बोलतही नाही फारशी. तिथे ते हेतुपूर्वक आहे. जब्याला ती जितकी दूर वाटते तितकीच आपल्यालाही दूर ठेवली आहे. तरीही आमच्या वर्गातील मुली आठवणी काढतात तेव्हा त्या जोशीच्या डोळ्यांनी शिरोडकरकडे पाहत असतात. मुलांनी वडीलधाऱ्यांचे कुमारवय उसने घेतले. आम्ही ते घेतलेच, वर त्यांच्या नजरेचेही देणेकरी झालो.

'फँड्री'ला या यादीत मी वेगळा काढते. तो वर्तमानातला चित्रपट. डुकरे पकडण्याचे काम गावाने ज्या कुटुंबावर लादले आहे, त्यातला जब्या वर्गातल्या मुलीवर जीव लावतो आणि काळी चिमणी शोधत हिंडतो. डुकरामागे धावता धावता राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, तो प्रसंग पाहून आमच्या घरात कोणी हसले होते. नंतर कोणी बोलले नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. असा चित्रपट आठवून सुस्कारा टाकता येत नाही. म्हणूनच की काय, 'आपल्या वेळचे पिक्चर' मोजताना त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

आणि मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. मी अकरा वर्षांची होते. शंभर कोटींची कमाई ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट म्हणून वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. सुरतेत गुजराती वरातींतही 'झिंगाट' वाजू लागले. परंतु आम्हा मुलींच्या दृष्टीने घडलेली गोष्ट वेगळीच होती. आर्ची बघते. वर्गात मान वळवून ती मुलाकडे बघते, नजर चुकवत नाही. ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आणि आपल्याला काय वाटते ते त्याने ओळखण्याची वाट पाहत बसत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील दोन मुली भावांची मोपेड शिकल्या. एकीला घरी मार बसला. ती तरीही शिकली.

'सैराट' विषयी जे स्मरणरंजन चालते ते सगळे पूर्वार्धाचे. विहीर, ऊस, क्रिकेटचे मैदान, करमाळ्याकडले ते पिवळे ऊन. उत्तरार्ध मात्र लोक पुढे ढकलून पाहतात. भेस्तानात नेमके उलटे घडले, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे. पूर्वार्ध आम्हांला परक्या देशासारखा सुंदर वाटला. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून जातात, सुमन अक्का त्यांना आसरा देते, पत्र्याच्या खोलीत त्यांचा संसार सुरू होतो, तो डोशाच्या गाडीवर आणि ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परक्या भाषेतले शब्द एकेक करून शिकते, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर बसलेल्या बायका सरसावून बसल्या. ही तर आपली खोली! हा आपला नळ, हे आपले संडासासमोरचे रांगेत उभे राहणे. आई म्हणाली, "पत्रा नवा दिसतोय, गळत नसंल अजून." मराठी चित्रपटात मी माझे घर प्रथम पाहिले ते तेलंगणाच्या राजधानीत.

पुढे मी नववीत असताना आमच्या रांगेतल्या शेवटच्या खोलीत एक जोडपे राहायला आले. खानदेशातले. तो मागावर बारा तासांच्या पाळीला जाई. ती आईबरोबर साड्यांना खडे चिकटवायला बसे. ती माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. पोरांनी त्यांचे नाव अर्थातच आर्ची-परश्या ठेवले, आणि तो येताना दिसला की त्या चित्रपटातले गाणे गुणगुणत. तो हसे. ती हसत नसे. कुठून आलात, कोणाचे कोण, हे मोठ्या माणसांपैकी कोणी विचारले नाही; आमच्याकडे ते न विचारण्याची रीतच आहे, कारण प्रत्येकानेच काही ना काही मागे टाकलेले असते. सात महिन्यांनी एका संध्याकाळी मोटारसायकलवर दोन माणसे आली आणि नाक्यावरच्या पानवाल्याकडे चौकशी करून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीला कुलूप होते. ती दोघे आधीच निसटली असावीत, असे सगळे म्हणतात, मीही तसेच म्हणते. तिच्या कामाचे तीनशे चाळीस रुपये आईकडे राहिले आहेत. पिठाच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नोटबंदी त्याआधीच होऊन गेली होती, म्हणून त्या नोटा चालतील तरी.

त्यानंतर मी 'सैराट' पुन्हा पाहिला तेव्हा त्याचा शेवट मला चित्रपटाचा शेवट वाटला नाही. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करते. मग सगळा आवाज जातो आणि फरशीवर लहान मुलाच्या पावलांचे ठसे उमटत जातात. अजय-अतुल यांच्या संगीताने भरलेल्या चित्रपटाने शेवटी संगीतच काढून घ्यावे, यात दिग्दर्शकाचे मोठे शहाणपण आहे. २०१८ च्या जुलैत आलेल्या हिंदी 'धडक'ने गोष्ट उदयपूरला नेली, जातीचा प्रश्न जवळजवळ पुसून टाकला आणि शेवट बदलला. तिथे मूल आणि बाप मारले जातात, मुलगी उरते. चित्रपट देखणा आहे. पण जात काढून घेतली की मारणाऱ्यांच्या मनात काय होते तेच कळेनासे होते, आणि मग तो कोण्या एका दुष्ट बापाचा अपराध ठरतो. मला तो अर्ध्यावर बंद करावासा वाटला.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे ठाऊक असेलच, की 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' या नावाने २०१७ साली झाला, एस. नारायण यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि नायिका रिंकू राजगुरूच होती. परंतु माझ्या अक्कलकोटकडील मावशीने पाहिला तो मूळ मराठीच. तिला मराठी जेमतेम कळते, म्हणून मी शेजारी बसून कन्नडमधून सांगत होते. पूर्वार्धात तिने मला सांगूच दिले नाही. प्रेमाला दुभाष्या लागत नाही असे काहीसे ती पुटपुटली. उत्तरार्धात मात्र तिने वारंवार थांबवून विचारले : खोलीचे भाडे किती, बाळंतपण कोणी केले. आणि शेवट झाल्यावर, बऱ्याच वेळाने : "आ कूसिन कथी एनु?" त्या लेकराचे पुढे काय झाले? वर्तमानपत्रांतील परीक्षणे मी पुष्कळ वाचली आहेत. हा प्रश्न त्यांत मला आढळला नाही. ते मूल खरोखरचे असते तर आज कुमारवयात आले असते.

मावशीच्या घरीच मला आणखी एक कन्नड चित्रपट भेटला, आणि तो पाहून मला मित्रांचा, खरे सांगायचे तर, हेवा वाटला. ऋषभ शेट्टी यांनी २०१६ च्या डिसेंबरात 'किरिक पार्टी' हा कॉलेजचा चित्रपट दिला होता. आमच्या कन्नड विभागातील मुले त्याच्याविषयी बोलू लागली की तास बुडतो. मी म्हणते तो त्यांचाच २०१८ चा, लांबलचक नावाचा : 'सरकारी हिरिय प्राथमिक शाले, कासरगोडु, कोडुगे : रामण्णा रै'. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कासरगोड केरळात गेले. तिथली कन्नड माध्यमाची शाळा बंद करण्याचा हुकूम निघतो आणि मुले ती वाचवायला निघतात, एवढी गोष्ट. अनंत नाग यांचे वकिली भाषण गाजले, पण मला आठवतो तो कन्नड न येणारा, मल्याळम बोलणारा गणिताचा मास्तर, आणि त्याच्यासमोर बसलेली, गणित येत नाही की भाषा कळत नाही हे ज्यांना स्वतःलाच उमगत नाही अशी मुले. त्यांच्यातल्या एकाचे वर्गातील मुलीवर मनही बसते. ते प्रेम आणि ती भाषा एकाच वर्गात, एकाच छताखाली आहेत. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सुरत १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्यानंतर आम्ही तिकडचे मराठी झालो. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांचे वर्ग आहेत. एकाच आवारात तीन भाषांत पाढे म्हटले जाताना मी ऐकले आहेत. या आवारातले कुमारवय मी पाहिलेल्या एकाही मराठी चित्रपटात नाही. त्यात चिठ्ठी मराठीत लिहिली तर तिला वाचता येत नाही, गुजरातीत लिहिली तर त्याला शुद्ध लिहिता येत नाही, असे प्रसंग रोजचे आहेत. मोबाइल असूनही गोष्ट अडते, दिग्दर्शकांनी काळजी करू नये. उन्हाळ्यात गाडीने गावी गेल्यावर चुलत भावंडे आमच्या बोलण्यातील गुजराती हेलाला हसतात, परत आल्यावर इकडची मुले आमच्या मराठी हेलाला हसतात. होफर वैद्याने ज्या आजाराला नाव दिले त्यात परतण्याचे घर एकच होते. आमच्या वर्गातील पस्तीस मुलांपैकी कोणाला ते नेमके कोठे आहे हे सांगता आले असते, याची मला खात्री नाही.

कासरगोडचा तो चित्रपट माझ्याजवळ आहे. मराठी विभागातील ज्यांना तो पाहायचा असेल, आणि कन्नड येत नसेल, त्यांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागल्या खोलीत यावे. शेजारी बसून सांगण्याची मला सवय आहे. मात्र भाडे किती, बाळंतपण कोणी केले, असे प्रश्न विचारणाऱ्यांना पुढची जागा मिळेल.